नाशिकचं ऊन आणि कॅमेऱ्याचा अंदाज

काळारामाचं मंदिर फोटोत बहुतेक वेळा करडं येतं. देव काळा, देवळाचा दगड काळा, आणि मोबाइलच्या पडद्यावर मात्र सिमेंटचा रंग. फोटो काढणारा मग मोबाइलला दोष देतो, जास्त मेगापिक्सेलचा नवा हँडसेट घेतो आणि पुढच्या रामनवमीला पुन्हा करडंच देऊळ घरी आणतो.

कारण अगदी साधं आहे. समोर काय आहे, हे कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला ठाऊक नसतं. समोरून किती उजेड येतोय एवढंच तो मोजतो आणि जगातली कुठलीही चौकट सरासरीनं मध्यम करड्या छटेची असणार, असं गृहीत धरतो. चौकट काळ्या दगडानं भरली की त्याला वाटतं उजेड कमी पडलाय, म्हणून तो फोटो उजळवतो. निफाडकडच्या द्राक्षबागेत जानेवारीतल्या सकाळी धुकं उतरलेलं असतं, तेव्हा नेमकं उलटं घडतं. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला उजेड फार वाटतो, तो फोटो दाबतो आणि धुक्याचा धूर होतो. काळ्याचं करडं, पांढऱ्याचंही करडं. यंत्रात बिघाड नाही, त्याचा अंदाज चुकलेला असतो.

या पुस्तकाचा सगळा रोख या अंदाजावर आहे. फोटोग्राफीचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीला अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओचा त्रिकोण असतो. तो इथंही आहे, कारण त्याच्यावाचून गत्यंतर नाही. पण त्रिकोण तोंडपाठ असलेली आणि तरीही फोटो न जमणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. आताचा कॅमेरा उजेड, रंग, फोकस, वेग सगळं स्वतः ठरवतो आणि बऱ्याचदा बरोबर ठरवतो. तेव्हा शिकायचं ते एवढंच: तो कुठे फसतो, आणि फसला की त्याचा हात कसा धरायचा. या शिक्षणासाठी नाशिकसारखं गाव शोधून सापडणार नाही. काळा पाषाण, पांढरे बगळे, दिव्यांची आरती, रंगपंचमीच्या रहाडीतला म्हणजे हौदातला रंग, धुकं आणि इगतपुरीचा पाऊस, कॅमेऱ्याला चकवणारं सगळं इथं तासा-दीड तासाच्या अंतरात आहे.

काळारामाचा उपाय आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे प्रकरणापर्यंत थांबायला नको. मोबाइलवर दगडावर बोट टेकवा. बाजूला छोटा सूर्य येतो, तो खाली सरकवा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर न्या, कधी त्याहून थोडं जास्त. देवळाचं महाद्वार पूर्वेला आहे, त्यामुळे कोवळं ऊन समोरच्या अंगावर येतं आणि ते जरा तिरपं असेपर्यंतच कोरीवकामाला उठाव असतो. बाराच्या उन्हात तोच दगड सपाट दिसतो. गाभाऱ्यात मात्र कॅमेरा खिशातच ठेवायचा. तिथं हात जोडायला जायचं असतं.

नाशिकच्या माणसानं फोटोग्राफीवर लिहावं आणि दादासाहेब फाळक्यांना ओलांडून पुढं जावं, हे होणे नाही. धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मले. आपण त्यांना भारतीय सिनेमाचे जनक म्हणतो आणि तिथंच थांबतो. पण मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथं शिकून ते आधी छायाचित्रकार झाले होते. गोध्र्याला त्यांनी त्याच धंद्याचं दुकान मांडलं होतं. पुढं छपाईत, ब्लॉक करण्याच्या कामात त्यांचा हात बसला. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला. मात्र त्याआधी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, आणि हौशी माणसानं अभ्यासावी ती हीच. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढताना दिसला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटली ती या वाटाण्यानं.

आज प्रत्येक मोबाइलमध्ये टाइमलॅप्स आहे. पण फाळक्यांचा कॅमेरा स्वतःहून काहीही ठरवत नव्हता, हे लक्षात घ्या. त्याला प्रकाशमापक नव्हता, फोकस हातानं लावायचा, हँडल एका लयीत फिरवायचं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू काळं यायचं आणि निळं आकाश पांढरं फटक. म्हणजे उन्हाकडे पाहून उजेड जोखणं, कपड्याचा रंग फिल्मवर कसा उतरेल हे आधीच ओळखणं, सगळा अंदाज माणसाचा. घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, ती धुवत, आणि चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हाचा उजेड नटांच्या चेहऱ्यावर परतवत, असं सांगतात. परावर्तक म्हणून बाजारात मिळणारी गोल घडीची चकती तेच काम करते. लग्नाच्या हॉलमध्ये खिडकीशेजारी नवरीला उभी करून तिच्या दुसऱ्या बाजूला एखाद्या मावशीच्या हातात पांढरा टॉवेल द्या आणि डोळ्यांखालची सावली कशी विरते ते पाहा. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके नाशकात आले, १९१८ मध्ये इथं हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांचं निधन झालं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. लेण्यांकडे जाताना सगळे ते ओलांडतात, थांबतात थोडे.

पांडवलेण्यांचा विषय निघालाच आहे तर तिथली एक गोष्ट. ही लेणी त्रिरश्मी डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला खोदलेली असल्यामुळे बहुतेक दिवसभर तिथं थेट ऊन न येता नुसता मऊ उजेड असतो. माणसांच्या फोटोला तो फार छान, शिलालेखांना मात्र अगदी वाईट. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. समोरून फोटो काढला की अक्षरं भिंतीत विरघळून जातात, आणि फ्लॅश मारला तर उरलीसुरलीही पुसली जातात. अशा खोदीव अक्षरांना उजेड कडेनं लागतो, भिंतीला जवळजवळ चिकटून. मित्राच्या हातात साधी विजेरी द्या, ती भिंतीजवळ आडवी धरायला सांगा. प्रत्येक खाचेत सावली भरते आणि ब्राह्मी अक्षर उठून उभं राहतं. मग विजेरी वरून किंवा खालून धरून आणखी एक फोटो, कारण आडव्या रेषा एका उजेडात दिसतात आणि उभ्या दुसऱ्या. भिंतीला हात लावायचा नाही, खडूनं अक्षरं भरायची नाहीत, आणि त्रिपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याच्या माणसाला आधी विचारायचं.

आता गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, तेव्हा पुस्तकातही तसंच येणार. रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे गावाच्या बाजूला उभं राहिलं की सकाळचं ऊन पंचवटीकडून थेट डोळ्यांवर येतं. पुष्कळ जण हे ऊन टाळतात. टाळू नये. नहाणाऱ्यांच्या अंगावरून उडणारं पाणी, धुराची रेघ, ओल्या पायऱ्या, सगळं उजळतं ते पाठीमागून ऊन आलं म्हणूनच. फक्त मोबाइलची हुशारी इथं नडते. तो एका दमात पाच-सात फोटो काढतो, त्यांची सरमिसळ करून सावल्या उजळवतो, आणि पहाटे सहाचा घाट दुपारी अकराचा दिसायला लागतो. उजेड असलेल्या जागी बोट टेकवून सूर्य खाली ओढा. माणसं काळ्या आकृती झाली तर होऊ द्या.

संध्याकाळच्या आरतीला अंदाज चुकतो तो रंगाचा. दिव्यांचा तांबूस उजेड हा दोष आहे असं समजून ऑटो व्हाइट बॅलन्स तो धुऊन काढतो आणि आरती ट्यूबलाइटखाली झाल्यासारखी दिसते. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या चिन्हावर ठेवा, ज्योत ज्योतीच्या रंगाची राहील. शटर एकशे पंचविसाव्या भागाच्या खाली गेलं की फिरता हात हलतो. तो मुद्दाम हलवायचा असेल तर गोष्ट वेगळी. रंगपंचमीला शनि चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडी उघडतात, तेव्हाही हीच युक्ती कामी येते. चौकटभर एकच रंग दिसला की कॅमेरा तो फिका करू बघतो. कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्या, लेन्सपुरतं भोक ठेवा आणि एकदा आत शिरलात की लेन्स बदलायचा विचार सोडून द्या. रहाडीत कोणी कोणाला सोडत नाही, फोटोग्राफरला तर नाहीच.

रामकुंडाबद्दल आणखी एक सांगायला हवं, आणि त्यासाठी कुठल्याही कॅमेऱ्यात बटण नाही. तिथं लोक अस्थी घेऊन येतात. दशक्रियेला बसलेल्या, नुकतंच डोकं भादरलेल्या मुलाचा चेहरा अतिशय बोलका असतो. म्हणूनच लांब लेन्स लावून तो टिपायचा मोह होतो. स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो काढून ‘श्रद्धा’ असं शीर्षक देणारे महाभाग दर सिंहस्थात दिसतात. विचारता येत असेल तर विचारा, विचारता येत नसेल तर कॅमेरा खाली घ्या. यावर माझं मत ठाम आहे आणि ते कलेच्या स्वातंत्र्याच्या युक्तिवादानं बदलणार नाही.

पक्ष्यांचं प्रकरण पुस्तकात सगळ्यांत लांबलं आहे, आणि ते कापायची माझी तयारी नाही. नांदूरमधमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणगवताची बेटं तयार झाली आणि पक्षी आले. रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून जानेवारी २०२० मध्ये ही जाहीर झाली. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटे जागा धरावी लागते. समोर थापट्या, चक्रवाक, हळदी-कुंकू बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि नशीब असेल तर क्रौंच.

इथं कॅमेरा एकाच सकाळी तीन-चार प्रकारे फसतो. काळसर पाण्यात उभा असलेला पांढरा बगळा घ्या. चौकटीत पाणी जास्त, बगळा एवढासा. कॅमेरा पाण्याचा हिशेब करून फोटो उजळवतो आणि बगळ्याची पिसं जळून कोरा कागद होतात. इथं उणे करायचं. तोच बगळा धुक्यात, पांढऱ्या आभाळासमोरून उडाला तर अधिक करायचं. ‘पांढरं दिसलं की अधिक’ असले नियम पाठ करून उपयोग नाही. चौकटीतली जास्त जागा कशानं व्यापली आहे ते पाहायचं. फोकसचंही तसंच: कॅमेरा जवळचं पाणगवत पकडतो, बदक मागे धूसर राहतं, फोकसचा चौकोन लहान करून पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा. वेगाचा अंदाज तर त्याला नसतोच. बसलेल्या पक्ष्याला पाचशेवा भाग चालतो, उडणाऱ्याला दोन हजारावा लागतो. आयएसओ वाढला, दाणे आले, तरी हरकत नाही. दाणेदार पण रेखीव फोटो छापता येतो, हललेला नाही.

आणि एक गोष्ट जी दुकानदार कधीच सांगणार नाही. साडेनऊ-दहाच्या सुमारास ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. डोळ्यांना ती जाणवत नाही, पण सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून दोनशे मीटरवरचा पक्षी पाहिला की सगळं उकळत असल्यासारखं दिसतं. मग फोटो मऊ येतात, माणूस लेन्सला शिव्या घालतो आणि आणखी महागडी लेन्स घेतो. हवेचा दोष कुठलीच लेन्स काढू शकत नाही. त्या वेळी आवरतं घ्यावं, सायखेड्याकडे चहा-मिसळ करावी, किंवा जवळचे पक्षी शोधावेत.

द्राक्षबागायतदारांसाठी एक छोटं प्रकरण मी हट्टानं घातलं आहे. फोटोग्राफीच्या पुस्तकात पानाच्या रोगाचं काय काम, असा प्रश्न कोणी विचारेल. नाशिक जिल्ह्यात रोज जितके फोटो गंमत म्हणून निघतात, तितकेच बहुधा सल्लागाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला निघत असतील; आणि त्यातल्या धूसर फोटोवरून फवारणी ठरते. डाऊनीचा डाग पानाच्या वर पिवळसर, तेलकट दिसतो आणि खाली पांढरी लव असते, म्हणून पानाच्या दोन्ही बाजू हव्यात. पान उन्हातून सावलीत घ्या, तळहातावर ठेवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे डाग केवढा ते कळेल. फार जवळ जाऊ नका. वीतभर अंतरावरून काढून मग कापा, कारण बऱ्याच मोबाइलचा मुख्य कॅमेरा त्याहून जवळ फोकस करत नाही. फिल्टर नको. आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो पिळून बारीक करतं. गोडी छाटणीनंतर डोळे फुटू लागतात, तेव्हा एका काडीसमोर जुना मोबाइल खांबाला बांधून रोज ठरल्या वेळी एक फोटो काढत गेलं, तर फाळक्यांचा वाटाणा आपल्याच बागेत पाहायला मिळेल.

सामानाबद्दल लोक सगळ्यांत आधी विचारतात, म्हणून ते पुस्तकात सगळ्यांत शेवटी आहे. माझा क्रम सरळ आहे. मोबाइल असेल तर आधी त्याची काच पुसा. बोटांच्या तेलामुळे दिव्यांना जी झालर येते ती कुठलंही अ‍ॅप काढत नाही. मग तोच कॅमेरा वापरत राहा, आणि त्याचा अंदाज ज्या ठिकाणी वारंवार फसतो आणि हात धरूनही सावरत नाही, त्याच ठिकाणासाठी पैसे घाला. घरातल्या मंद उजेडात माणसं टिपायची असतील तर पन्नास मिलिमीटर, एफ/१.८ ही लेन्स; इतक्या कमी पैशांत इतका फरक दुसरं काहीच करत नाही. पक्षी असतील तर लांब झूम, आणि मनोऱ्याच्या कठड्यावर टेकवायला धान्य भरलेली कापडी पिशवी. काजव्यांसाठी त्रिपॉड अटळ. घाटघर-भंडारदऱ्याकडे मे अखेरीस झाडं लुकलुकतात, तेव्हा फोकस उजेड असतानाच हातानं लावून ठेवायचा, वीस-तीस सेकंदांचे बरेच फोटो काढून नंतर एकावर एक चढवायचे. विजेरी नाही, फ्लॅश नाही, मोबाइलचा पडदाही झाकलेला. तो उजेड काजव्यांच्या जोड्या जुळण्यात विघ्न आणतो.

जुनी लेन्स घ्यायला मुंबईच्या बोरा बाजारात गेलात तर ती विजेरीसमोर धरून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असो, ठेवून या. आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामडी बॅगेत लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या ओलावल्या की तापवून कोरड्या करायच्या, आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरायची. याच पावसाळ्यात गंगेच्या पुराचे फोटो काढायचे असतील तर एकच जागा आणि एकच लेन्स ठरवून घ्या. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी की गळ्याशी, हे गाव वर्षानुवर्षं विचारत आलंय, आणि वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या फोटोंतून त्याचं उत्तर मिळत नाही. होळकर पुलावर पोलिसांनी दोरी बांधली असेल तर अलीकडेच थांबायचं.

नाशिकमध्ये काही ठिकाणी कॅमेरा काढायचाच नाही, हेही सांगितलं पाहिजे: नाशिक रोडचं नोटांचं मुद्रणालय, देवळालीचा लष्करी भाग, ओझरचा विमान कारखाना. ड्रोनवाल्यांनी उडवण्याआधी नकाशावरचे लाल आणि पिवळे विभाग पाहावेत. शहराभोवती ते कमी नाहीत.

हे पुस्तक आत्ताच यावं असा आग्रह धरला तो सिंहस्थामुळे. मागचा २०१५ चा. आताचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्याच दिवशी दुपारनंतर सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास. ढगांनी वाट दिली तरी सूर्याचा फिल्टर लावल्याशिवाय लेन्स वर करू नका, डोळे आणि सेन्सर दोन्ही जातील. स्नानं आषाढ-अखेर ते भाद्रपद या काळातली, म्हणजे आभाळ भरलेलं, उजेड सपाट आणि वरून पाऊस. पांढरं आभाळ चौकटीत आलं की साधूंचे चेहरे काळे पडणार, हे आता वेगळं सांगायला नको. आभाळ कापा, भगव्यावर आणि चेहऱ्यांवर मोजमाप घ्या. त्या गर्दीत त्रिपॉड उघडता येणार नाही, लेन्स बदलता येणार नाही, बहुधा मागेही फिरता येणार नाही. एक कॅमेरा, एक छोटी झूम, दोन बॅटऱ्या, कोरडा रुमाल. नाशकात वैष्णव आखाडे, त्र्यंबकला शैव; दोन्ही एकाच सकाळी करायच्या भानगडीत पडू नका, रस्ते बंद असतात. जागा आठवडाभर आधी पायी जाऊन पाहून ठेवा, आणि ती निवडताना ऊन किंवा उजेड कुठल्या बाजूनं येणार याच्याइतकंच, बाहेर पडायची वाट कुठली, हेही बघून ठेवा.